फवारणी यंत्राच्या टाकीतील जुने पेट्रोल

पेट्रोलवर चालणारे फवारणी यंत्र किंवा गवत कापण्याचे यंत्र वर्षातून थोडेच दिवस कामास येते. हंगाम संपला की टाकीतील उरलेल्या पेट्रोलासह ते तसेच कोपऱ्यात ठेवले जाते. पुढील पावसाळ्यात कपाशीवर कीड दिसताच यंत्र बाहेर काढावे, तो दोरी ओढून ओढून हात भरून येतात, पण इंजिन काही सुरू होत नाही. यंत्र दुरुस्त होईपर्यंत कीड थांबत नाही. या अडचणीचे मूळ पुष्कळदा टाकीतील जुन्या पेट्रोलात असते.

पेट्रोल का बिघडते?

पेट्रोलातील हलके अंश लवकर उडून जातात. इंजिन प्रथम पेट घेते ते याच अंशांमुळे. राहिलेल्या पेट्रोलाचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो व कार्बोरेटरमधील बारीक छिद्रे बुजतात. तिसरे कारण पाणी. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढले की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंजिनास पेट्रोल तळातूनच मिळते. शिवाय लोखंडी टाकी आतून गंजते. अर्धी रिकामी टाकी व दमट हवा असल्यास हा बिघाड लवकर होतो.

खराब पेट्रोल कसे ओळखावे?

थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे व ताज्या पेट्रोलाशी ताडून पाहावे. रंग काळपट, वास आंबूस वा रोगणासारखा, तळाशी गाळ किंवा वेगळा थर, यांपैकी एकही खूण दिसल्यास ते वापरू नये. दोन थर झालेले पेट्रोल ढवळून किंवा त्यात ताजे मिसळून सुधारत नाही.

टाकी रिकामी करण्याची रीत

१. इंजिन पूर्ण थंड असावे. काम उघड्यावर, वारा खेळता असेल तेथे करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून आसपास विडी, चूल वा दिवा नसावा.

२. प्लगची टोपी काढून ठेवावी.

३. पेट्रोल हातपंपाने किंवा नळी सोडवून धातूच्या झाकणाच्या डब्यात काढावे. नळी तोंडाने ओढू नये. पेट्रोल फुप्फुसात गेल्यास जीवास धोका असतो. चुकून गिळले गेल्यास ओकारी काढू नये; तत्काळ दवाखाना गाठावा.

४. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलही काढावे. गाळणी स्वच्छ करावी व तडकलेली रबरी नळी बदलावी.

५. थोड्या ताज्या पेट्रोलाने टाकी खळबळून घ्यावी. पाण्याने धुऊ नये. रिकाम्या टाकीस झाळकाम करू नये, कारण आतील वाफेचा स्फोट होतो.

६. ताजे पेट्रोल भरावे. दोन-स्ट्रोक इंजिनात यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच तेल मिसळावे. एवढे करूनही इंजिन चालू न झाल्यास कार्बोरेटर जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावा.

काढलेल्या पेट्रोलाचे काय करावे?

ते जमिनीवर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. पाणी दूषित होते. चूल पेटवण्यास, स्टोव्हमध्ये किंवा औषधात मिसळून तणावर फवारण्यास ते वापरणे घातक आहे. डब्यावर ‘खराब पेट्रोल’ असे लिहून तो मुलांपासून व आगीपासून दूर ठेवावा आणि टाकाऊ तेल घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे द्यावा.

पुढील वर्षासाठी

हंगामाच्या शेवटच्या फवारणीनंतर टाकी रिकामी करावी व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. मग टाकी वाळवून झाकण घट्ट लावावे. हंगामात पंधरवड्यास पुरेल एवढेच पेट्रोल आणावे व डब्यावर तारीख लिहावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम संपताच यंत्रधारक शेतकऱ्यांना एकत्र बोलावून हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे. त्यास अर्धा तास पुरतो. तो वाचवला, तर कीड पडते त्या आठवड्यात फवारणीचे दिवस वाया जातात.