नाव लपवलं, खेळ नाही

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. शनिवार-रविवारी पूल पार्लरमध्ये पैसे लावून खेळतोस, पहिले दोन डाव मुद्दाम हरतोस आणि मग पैज वाढवतोस, हे तू आडपडदा न ठेवता लिहिलंस. तसंच मीही लिहितो. पूल खेळाडू एफ्रेन रेयेसही पैजांवरच मोठा झाला, असा दाखला तू दिला आहेस. ते खरं आहे. पण त्या माणसाचं तू अर्धंच उचललंस, आणि तेही हलकं अर्धं.

फिलिपिन्समधल्या पाम्पांगा प्रांतात १९५४ साली त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना तो मनिलाला आला, ‘लकी १३’ नावाचा पूल हॉल असलेल्या नातेवाइकाकडे. टेबलापर्यंत हात पोचत नसे म्हणून कोका-कोलाच्या क्रेटवर उभा राहून तो खेळे आणि रात्री टेबलावरच झोपे. तिथे पैसे लावून खेळणं ही गंमत नव्हती, पोटाचा प्रश्न होता. तुझ्या ताटात दोन वेळा जेवण आहे, हे विसरून त्याच्याशी तुलना करू नकोस.

तिथला खेळ कोणता, हे मात्र नीट समजून घे, कारण रेयेसची सगळी करामत त्यात आहे. फिलिपिन्समध्ये ‘रोटेशन’ खेळतात. टेबलावर पंधरा चेंडू, आणि दर वेळी पांढरा चेंडू सगळ्यांत लहान आकड्याच्या चेंडूला आधी लागलाच पाहिजे. ज्या आकड्याचा चेंडू पॉकेटात जाईल तितके गुण. एकूण १२०, म्हणून ६१ झाले की डाव जिंकला. एवढ्या गर्दीत हवा तो चेंडू पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या तरी आड असतो. सरळ वाट नसली की कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेवर आपटवून, जावं लागतं. रेयेसने लहानपणापासून ही आडवाट रोजच्या रस्त्यासारखी तुडवली.

अमेरिकेतले खेळाडू नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात अडचण आली की सेफ्टी खेळत, म्हणजे पांढरा चेंडू असा दडवत की समोरच्याला काही दिसूच नये. चांगली सेफ्टी पडली की ते निर्धास्त असत. रेयेस समोर आला आणि तो निर्धास्तपणा गेला. दडवलेल्या जागेतून एक कुशन, दोन कुशन घेत तो चेंडूला जाऊन भिडे, कित्येकदा तो पॉकेटात घाली आणि वर पुढच्या चेंडूसाठी जागाही मिळवे. तू पाठवलेली १९९५ ची रीनोमधली चित्रफीत याच कसबाची. अमेरिकन खेळाडू अर्ल स्ट्रिकलँडविरुद्ध अंतिम सामना, डाव बरोबरीत, आणि पांढरा चेंडू दोन कुशन घेत इंग्रजी झेड काढून नेमका चेंडूवर जातो. लोक त्याला जादूगार म्हणतात. मला त्यात ‘लकी १३’ मधल्या त्या रात्री दिसतात.

आता तू लिहिलेली ह्यूस्टनची गोष्ट. १९८५ साली तो अमेरिकेला गेला तेव्हा मनिलाला जाऊन आलेल्या खेळाडूंमुळे त्याचं नाव तिकडे आधीच पोचलं होतं, चेहरा मात्र ओळखीचा नव्हता. म्हणून सेझार मोरालेस या नावाने तो तिथल्या ‘रेड्स’ पूल हॉलमधल्या स्पर्धेत उतरला आणि जिंकला. तुला यातली लबाडी आवडली. मी सांगतो ते बघ: त्या स्पर्धेत त्याने नाव लपवलं, खेळ नाही. टेबलाभोवती जाणकार उभे होते, त्यांच्यासमोर तो जसा होता तसा खेळला. खोटं नाव फार दिवस पुरलं नाही, आणि त्याला त्याची पुढे गरजही पडली नाही. १९९४ ची नाइन-बॉलची यूएस ओपन त्याने स्वतःच्या नावाने जिंकली, ती जिंकणारा तो पहिला बिगरअमेरिकन. १९९६ साली हाँगकाँगला पुन्हा स्ट्रिकलँड समोर होता. तीन दिवसांचा सामना, आधी १२० डाव घेईल त्याला एक लाख डॉलर. रेयेस मागे पडला होता, तरी १२०-११७ ने जिंकला. त्या टेबलावर लपवायला काहीच नव्हतं.

याच्या उलट रुडॉल्फ वँडरोनचं बघ. ‘मिनेसोटा फॅट्स’ म्हणून सगळी अमेरिका त्याला ओळखायची. बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १९७८ साली टीव्हीवर तो विली मॉस्कोनी या नामांकित खेळाडूसमोर उभा राहिला आणि हरला. मोठी स्पर्धा त्याने कधीच जिंकली नाही. नाव खेळापेक्षा मोठं झालं की असं होतं. तू मात्र नाव व्हायच्या आधीच खेळ लहान करायला निघाला आहेस.

मुद्दाम हरताना तुझा हात काय शिकतो, याचा विचार केला आहेस का? चुकीचा जोर, अर्धवट नेम, मारताना मान वर करणं. हात हे सगळं लक्षात ठेवतो, आणि नेमक्या वेळी तेच करतो. शिवाय तू ज्यांना फसवतोस ती आपल्याच गल्लीतली, महिन्याचा पॉकेटमनी जपून वापरणारी मुलं आहेत. हे मला अजिबात आवडलेलं नाही.

खेळ सोड असं तुझ्या आईसारखं मी म्हणणार नाही. भारताचा पहिला बिलियर्ड्स जगज्जेता विल्सन जोन्स आपल्या पुण्यातच जन्मला, हे तिलाही सांग. पण खेळायचं तर असं खेळ. सकाळी पार्लर रिकामं असतं तेव्हा जा. दुसरा चेंडू न मांडता फक्त पांढरा चेंडू घे, कुशनवरची एक खूण ठरव आणि दोन कुशन घेऊन तिथे पोचव. जोर वाढवला की कोन आखडतो. चेंडूच्या बाजूला मारून फिरकी दिली की कोन मोकळा होतो किंवा आणखी आवळतो. पावसाळ्यात कापड दमट असतं, तेव्हा उन्हाळ्यातला अंदाज चालत नाही. हे वहीत लिहून ठेव.

२०२२ साली हनोईला दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धांत रेयेस ६७ व्या वर्षी खेळायला उतरला, तेव्हा परक्या देशातले लोक त्याला पाहायला गर्दी करून आले होते. त्यांना त्याचा खेळ पाहायचा होता.

येत्या शनिवारी पैजेला नाही म्हण. ज्या मुलांचे पैसे घेतलेस त्यांना ते परत कर, आणि केलेस की मला कळव.

तुझा,
मामा