अणूंची मांडणी पाहणारा डोळा

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात धातूंवरील लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्या गावातच आहे. जालन्याची ओळख आज मुख्यतः दोन गोष्टींनी होते : बियाणे आणि लोखंडी सळई. घर बांधताना आपण सळई विकत घेतो, तिच्या भरवशावर स्लॅब टाकतो आणि त्याखाली निर्धास्त झोपतो. ही सळई कशाच्या बळावर टिकते आणि कशामुळे दगा देते, हे समजून घेणे केवळ विज्ञान शाखेचे काम नव्हे. त्याचा मागोवा घेताना मला थेट अणूपर्यंत जावे लागले. जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

अणूची कल्पना आपल्याला नवी नाही. पदार्थाचे भाग करीत गेल्यास शेवटी अविभाज्य असा परमाणू उरतो, असे वैशेषिक दर्शनाचे प्रणेते कणाद यांनी मानले. ग्रीसमध्ये डिमॉक्रिटसनेही तसाच विचार मांडला. परंतु तो तर्क होता. अणू प्रत्यक्ष दिसायला विसावे शतक उजाडावे लागले.

साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू का दिसत नाही? भिंगे कितीही वाढविली तरी अडचण मुळात प्रकाशाचीच आहे. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. दृश्य प्रकाशाच्या लहरीची लांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, तर अणूचा व्यास एका नॅनोमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो. दाभणाने मोती ओवता येत नाहीत, तसेच हे आहे.

१९२४ साली फ्रान्सच्या द ब्रॉग्ली यांनी इलेक्ट्रॉनलाही लहरीचे रूप असते, असे प्रतिपादन केले. दोन लक्ष व्होल्टच्या दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची लहर जेमतेम ०.००२५ नॅनोमीटर भरते. १९३१ साली बर्लिनमध्ये मॅक्स नॉल व अर्न्स्ट रुस्का यांनी काचेच्या भिंगांऐवजी विद्युतचुंबकांची भिंगे वापरून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्का यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी! आपल्या देशात कलकत्त्याला नीरजनाथ दासगुप्ता यांनी १९४०च्या दशकातच असे यंत्र बांधले होते.

तरीही एक अडसर राहिला. चुंबकीय भिंगांत एक अंगभूत दोष असतो, त्यामुळे चित्र धूसर येते. वर्तुळाकार भिंगात हा दोष टाळताच येत नाही, हे ऑटो शेर्झर यांनी १९३६ साली सिद्ध केले. तो दूर करणारी जोडयंत्रणा जर्मनीत हाराल्ड रोझ, मॅक्सिमिलियन हायडर व क्नूट उर्बान यांनी आणि वेगळ्या मार्गाने ओंद्रेय क्रिव्हानेक यांनी १९९०च्या दशकात साध्य केली. या चौघांना २०२० सालचे काव्हली पारितोषिक मिळाले. आता धातूच्या स्फटिकातील अणूंच्या रांगा शेतातल्या तासांसारख्या स्पष्ट दिसतात. बारीक इलेक्ट्रॉन झोत नमुन्यावरून ओळीओळीने फिरवला, तर जड अणू उजळ आणि हलके अणू मंद दिसतात. मात्र त्यासाठी नमुना शंभर नॅनोमीटरपेक्षाही पातळ करावा लागतो. आपला केस याच्या शेकडो पट जाड असतो.

आता सळईकडे वळू. लोखंड वरून एकसंध दिसले तरी ते असंख्य स्फटिककणांचे बनलेले असते. आमच्या मस्तगडाचेच उदाहरण घ्या. १७२५ साली निजामाच्या आज्ञेवरून काबिलखानाने जालन्याचा हा किल्ला बांधला. अशा दगडी बांधकामाचे बळ जेवढे दगडात, तेवढेच सांध्यांत असते. लोखंडाचेही तसेच आहे. आपल्याकडील भट्ट्यांत प्रामुख्याने भंगार वितळवले जाते आणि भंगारासोबत फॉस्फरस, गंधक, तांबे असे घटक येऊ शकतात. फॉस्फरसचे अणू कणांच्या सांध्यांत जमले, तर लोखंड ठिसूळ होते. रासायनिक तपासणीतून फॉस्फरस किती आहे ते कळते. तो कुठे जाऊन बसला आहे ते कळत नाही. ‘किती’इतकेच ‘कुठे’ महत्त्वाचे आहे, आणि ‘कुठे’चे उत्तर अशी सूक्ष्म उपकरणे देतात.

या क्षेत्रातील एक मोठे नाव म्हणजे प्रा. विनायक द्रविड. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.मधून धातुअभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. लीहाय विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून १९९० पासून ते शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अध्यापन व संशोधन करू लागले. तेथील ‘नुआन्स’ या सूक्ष्मदर्शन केंद्राचे ते संस्थापक संचालक.

त्यांचा सहभाग असलेले एक संशोधन आपल्या गावाच्या दृष्टीने मोलाचे वाटते. काही पदार्थांचे एक टोक तापवून दुसरे थंड ठेवले की वीज निर्माण होते. हा गुण झेबेक यांनी १८२१ साली दाखविला. अडचण अशी, की अशा पदार्थातून वीज सहज वाहिली पाहिजे, पण उष्णता मात्र अडली पाहिजे. एरवी दोन्ही टोके लवकरच सारखी तापतात. उष्णता पदार्थात लहानमोठ्या कंपनलहरींनी वाहते. बियाण्याच्या प्रतवारीला जशा वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्या लागतात, तसे प्रत्येक आकाराच्या लहरीला वेगळ्या मापाचे अडथळे लागतात. २०१२ साली कनिष्क बिस्वास, मर्कुरी कनॅट्झिडिस, द्रविड आणि सहकाऱ्यांनी शिसे व टेल्युरियम यांच्या संयुगात तीन पातळ्यांवर अडथळे रचले : अणूंच्या जागी परके अणू, काही नॅनोमीटरचे स्ट्रॉन्शियम टेल्युराइडचे कण आणि त्याहून मोठ्या स्फटिककणांचे सांधे. अशा पदार्थाची गुणवत्ता मोजणारा अंक सुमारे ६४० अंश सेल्सिअसला २.२ पर्यंत गेला. त्यापूर्वी २ हा आकडा ओलांडणे फार अवघड मानले जात असे. हे अडथळे ठरविल्याप्रमाणे बसले आहेत की नाहीत, हे पाहणारा डोळा म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक.

आपल्या भट्ट्यांतून रात्रंदिवस उष्णता हवेत जाते. तिच्यासाठी विजेचे बिल भरलेले असते आणि तिच्या झळा कामगार सोसतो. त्यातील थोडी जरी वीज होऊन परत आली, तर ती लहान गोष्ट नाही. अर्थात शिसे विषारी आहे आणि टेल्युरियम दुर्मीळ. म्हणून हा पदार्थ उद्याच कारखान्यात बसेल, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण दिशा कळली आहे. कोणत्या मापाचा अडथळा कोणती लहर अडवितो हे समजल्यावर स्वस्त आणि निर्धोक पदार्थांतही तशी रचना करून पाहता येते.

तात्पर्य, पदार्थाचा गुण केवळ तो कशाचा बनला आहे यावर ठरत नाही. त्याचे घटक कसे मांडले आहेत यावरही ठरतो. कोळसा आणि हिरा दोन्ही कार्बनचेच. भाषेच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको. शब्द तेच असले तरी क्रम बदलला की अर्थ बदलतो. कणादांना जो तर्काने गाठावा लागला, तो अणू आज दिसू लागला आहे. जालन्यासारख्या लोखंडावर जगणाऱ्या गावातल्या मुलांनी, मग ती कोणत्याही शाखेची असोत, त्याची ओळख करून घेतलीच पाहिजे. सळई घेताना भाव विचारणारे पुष्कळ असतात; ती आतून कशी आहे, हे विचारणारे ग्राहक वाढले, तर कारखानदारालाही त्याचे उत्तर द्यावे लागेल.