पिकअपचे इंजिन : बांधावे की बदलावे?

गाळप संपले की जुन्या पिकअपचे दुखणे निघतेच. निळा धूर दिसला म्हणून लगेच दुसरे इंजिन घ्यायला पळू नका. धूर सकाळी सुरू करतानाच येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेले. हेडच्या कामात भागते. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढल्यावर जोराने हवा फुसफुसत असेल तर रिंगा, लायनर झिजले. तेव्हा इंजिन बांधावे, असे आम्हांस वाटते. ब्लॉकलाच तडा असेल तर मात्र बांधणे म्हणजे भाकड म्हशीला पेंड! बदली इंजिन घेताना बिल मागाच, ‘घरचाच माणूस हाय’ म्हणून सोडू नका. नवा इंजिन नंबर धाराशिवच्या परिवहन कार्यालयात आर.सी.वर चढवून घ्या, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.