नाकातील पाणी : केवळ सर्दी नव्हे

कवटीच्या तळाची गाठ नाकावाटे दुर्बिणीने काढल्यास चेहऱ्यावर व्रण राहत नाही. मात्र मेंदूचे आवरण अनेकदा उघडावे लागते. ते पूर्ण न सांधल्यास मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळते आणि त्याच वाटेने जंतू शिरून मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, संभवतो. सन २००६ मध्ये हदाद, बासागास्तेगी व सहकाऱ्यांनी नाकाच्या मधल्या पडद्याचे अस्तर रक्तपुरवठ्यासह वळवून छिद्र झाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे गळतीचे प्रमाण पुष्कळ घटले. तरीही घरी गेल्यावर वाकताच स्वच्छ पाणी ठिबकणे, घशात खारट चव, ताप, तीव्र डोकेदुखी वा मान ताठरणे आढळल्यास नातेवाइकांनी रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे. बरे होईपर्यंत नाक शिंकरू नये. शिंक तोंड उघडून द्यावी. वेळीच लक्षात आलेली गळती बहुधा बंद करता येते.