काठमांडूचे बहाल : एक अभ्यास

काठमांडू हे आमचे आवडते शहर. पहिल्या खेपेस स्वयंभू व बौद्धनाथ हे दोन मोठे स्तूप पाहूनच आम्ही परतलो होतो. या खेपेस रजा अवघी तीन दिवसांची. तेव्हा स्तूपांना वंदन करून आम्ही बागमतीपलीकडील पाटणचे बहाल गाठले.

बहाल म्हणजे नेवार लोकांचा विहार. मध्ये चौकोनी अंगण, त्यात चैत्य, सभोवती दुमजली वास्तू आणि दारासमोर तथागतांची मूर्ती. अजिंठ्याची विहारलेणी पाहिलेल्यास ही रचना तत्काळ ओळखू येते. आपल्या लेण्यांत वटवाघळे आहेत. येथील हिरण्यवर्ण महाविहारात मात्र आजही रोज पूजा होते.

परंतु येथील संघ निराळा आहे. शाक्य व वज्राचार्य कुळांतील मुलांचे मुंडन होते, ती चार दिवस चीवर धारण करतात आणि पुन्हा गृहस्थ होतात. एवढ्याने ती त्या बहालाची आजन्म सभासद ठरतात. इतर कुळांतील मुलगा कितीही श्रद्धावान असो, त्याला ते सभासदत्व नाही. जन्मावरचे श्रेष्ठत्व नाकारणाऱ्या बुद्धाच्या विहाराचे दार जन्म पाहून उघडावे! १९५६ साली दीक्षा घेतलेल्या समाजातील आम्हांला हे बोचले.

म्हणून या मंडळींना अबौद्ध ठरवून मोकळे व्हावे काय? आम्हांस ते पटत नाही. भारतात धम्म लोपला तेव्हा कितीतरी संस्कृत बौद्ध ग्रंथ येथून नाहीसे झाले. ते नकलून जपले ते याच नेवारांनी. एकोणिसाव्या शतकात ब्रायन हॉजसन याने पाटणचे पंडित अमृतानंद यांच्या साहाय्याने ती हस्तलिखिते मिळवून कलकत्ता, लंडन, पॅरिस येथे धाडली. त्यांच्याच आधारे ब्यूर्नुफ या फ्रेंच पंडिताने १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास प्रसिद्ध केला. हे ऋण लहान नव्हे.

जन्माच्या अटीला उत्तरही नेवारांतूनच निघाले. स्वयंभूच्या टेकडीवरील आनंदकुटी विहार हा थेरवादी भिक्खूंचा. तेथे कूळ विचारीत नाहीत. धर्मोपदेश थांबवण्यास नकार दिला म्हणून १९४४ साली राणा सरकारने आठ भिक्खूंना हद्दपार केले होते. ते १९४६ साली परतले. पुढे दहाच वर्षांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, याच शहरी जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांविषयी भाषण केले.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी पाटणसाठी सकाळ राखून ठेवावी. हिरण्यवर्ण महाविहाराच्या अंगणात चामड्याचे पायताण चालत नाही, हे ध्यानी असू द्यावे.