मागच्या बाजूची नावं

लंडनमध्ये जुन्या रेकॉर्ड विकणारी दुकानं अजून टिकून आहेत. नॉटिंग हिलला आहेत, सोहोतल्या बर्विक स्ट्रीटवर आहेत, आणि ऑक्सफॅमसारख्या धर्मादाय दुकानांतही पुस्तकांशेजारी एलपींचा एखादा खोका असतोच. इथे राहायला आल्यापासून माझ्या बऱ्याच शनिवारच्या सकाळी या खोक्यांपुढे उभं राहण्यात जातात. मी शोधते ते १९७० च्या दशकातलं प्रोग्रेसिव्ह रॉक आणि जॅझ फ्यूजन. त्यातही ज्यांना त्यांच्या काळी श्रोते कमी मिळाले आणि पुढे तर फारच थोडे उरले, त्यांचं. इतक्या वर्षांत जे हाती लागलं, ते सांगते.

१. कव्हर आधी उलटं करा

पुढचं चित्र विक्रीसाठी असतं, वादकांची नावं मागे असतात. बँडच्या नावावर गेलात तर दहा-बारा गाजलेल्या रेकॉर्डपाशी थांबाल. वादकाच्या मागे गेलात तर वाट पुढे पुढे जात राहते. गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ १९७५ मध्ये सॉफ्ट मशीन या बँडच्या ‘बंडल्स’वर आहे आणि त्याच वर्षी अमेरिकन ड्रमर टोनी विल्यम्सच्या ‘बिलीव्ह इट’वरही आहे. १९७६ मध्ये तो गाँग या बँडबरोबर, १९७७ मध्ये फ्रेंच व्हायोलिनवादक ज्याँ-ल्युक पाँटीच्या ‘एनिग्मॅटिक ओशन’वर, तर १९७८ मध्ये ड्रमर बिल ब्रुफर्डच्या ‘फील्स गुड टू मी’वर सापडतो. चार वर्षांत एवढ्या घरी राहून आलेला हा माणूस प्रत्येक ठिकाणी तोच राहतो: लांब, न तुटणारे स्वर, श्वास घेऊन फुंकल्यासारखे. त्याचं नाव दिसलं की मी रेकॉर्ड बाजूला काढते, मग बँड कुठलाही असो.

फिल कॉलिन्सचंही तसंच. जग त्याला गायक म्हणून ओळखतं. पण ब्रँड एक्स या बँडच्या ‘अनऑर्थोडॉक्स बिहेविअर’ (१९७६) वर तो ड्रमर म्हणून भेटतो, आणि काय वाजवतो! शेजारी पर्सी जोन्सचा बिनपडद्यांचा बास आहे. पडदे नसल्यामुळे त्यात मींड येते आणि आपला कान लगेच टवकारतो. त्यांच्या पुढच्या ‘मोरोक्कन रोल’ची सुरुवातच संस्कृत शब्दांच्या गाण्याने होते. या रेकॉर्ड दुर्मीळ नाहीत. कॉलिन्सच्या गाण्यांचे चाहते तिथवर पोहोचत नाहीत, एवढंच.

२. दोन कप्प्यांच्या मधलं तिसरं

दुकानात रॉकचा कप्पा वेगळा, जॅझचा वेगळा. हे संगीत दोन्हीत बसत नाही, म्हणून दोन्हीकडे उपेक्षित राहतं. ट्रंपेटवादक इयन कारचा न्यूक्लियस हा बँड घ्या. १९७० मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या जॅझ महोत्सवातली स्पर्धा जिंकली, पण त्यांचं ‘इलॅस्टिक रॉक’ निघालं व्हर्टिगो या रॉकच्या लेबलवर, चित्रकार रॉजर डीनचं चित्र लेऊन. ते कुठल्या कप्प्यात ठेवायचं, हे दुकानदार स्वतःच्या आवडीप्रमाणे ठरवतो. म्हणून दोन्ही कप्पे बघा आणि त्यानंतर ‘इतर’ किंवा ‘वर्ल्ड म्युझिक’ असं लिहिलेला खोकाही सोडू नका. माझ्या सर्वांत लाडक्या रेकॉर्ड त्या तिसऱ्या खोक्यातल्या आहेत.

३. साल बघा

१९७६ ते १९७९ मधलं साल दिसलं की हात थांबवा. याच काळात इंग्लंडमध्ये पंक आलं आणि लांबलचक, अवघड रचना करणाऱ्यांकडे कंपन्यांनी पाठ फिरवली. वादक मात्र तेव्हा ऐन भरात होते. नॅशनल हेल्थ हा बँड १९७५ मध्ये उभा राहिला, पण त्यांची पहिली रेकॉर्ड १९७८ मध्ये निघाली, कारण मधली वर्षं कुणी ती काढायलाच तयार नव्हतं. डेव्ह स्ट्युअर्ट आणि ॲलन गोवेन असे दोन कीबोर्डवादक, फिल मिलरची गिटार, पिप पाइलचे ड्रम. त्यांचं दुसरं, ‘ऑफ क्यूज अँड क्युअर्स’, मला त्या दशकातलं सर्वोत्तम इंग्लिश वाद्यसंगीत वाटतं. गोवेन १९८१ मध्ये ल्युकेमियाने गेला. सोबत्यांनी पुन्हा जमून त्याच्याच रचना वाजवल्या, आणि १९८२ मध्ये ‘डी. एस. अल कोडा’ निघालं. ही रेकॉर्ड ऐकताना मला दरवेळी भरून येतं. कुठे दिसली तर भाव करत बसू नका.

४. तबकडी उजेडात तिरकी धरा

सरळ बघितली तर सगळ्याच तबकड्या चकाकतात. तिरक्या उजेडात चरे दिसतात, आणि खूप वाजलेल्या तबकडीवर राखाडी झाक दिसते. मधल्या भोकाभोवतीचा कागद बघा. तिथे बारीक रेघांचं जाळं असेल तर ती पुष्कळदा टर्नटेबलवर चढली आहे. वाकलेली तबकडी घेऊ नका. अमेरिकन रेकॉर्डच्या कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही; न खपलेला माल कंपनीने स्वस्तात काढल्याची ती खूण आहे.

५. पहिल्या छपाईचा हट्ट नको

व्हर्टिगोच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर काळ्या-पांढऱ्या चक्राचं लेबल असे. ते लेबल असलं की किंमत कित्येक पट चढते. संगीत तेच असतं. नंतरची चांगली आवृत्ती घ्या आणि उरलेल्या पैशांत आणखी तीन रेकॉर्ड आणा.

६. मात्रा मोजा, पण पहिल्यांदा नको

हे संगीत अवघड म्हणून लोक टाळतात, कारण ठेका चारांत बसत नाही. मराठी घरात वाढलेल्याला ही भीती असायचं कारण नाही. सात मात्रांचा रूपक आणि दहाचा झपताल नाट्यसंगीतात, भजनात, मैफलीत कानावरून गेलेले असतात. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडच्या ‘बर्ड्स ऑफ फायर’ची (१९७३) शीर्षक-रचना अठरा मात्रांत आहे; पहिल्यांदा ती नुसती अंगावर घ्या. दुसऱ्यांदा बिली कॉबमचे ड्रम धरा, तिसऱ्यांदा सम शोधा. तालाची रचना आपल्यासारखी नाही, तिथे खाली-भरी नाही. पण आवर्तन पुरं होताना होणारा आनंद अगदी ओळखीचा आहे.

७. आपली माणसं तिथे आहेत

तिसऱ्या खोक्याबद्दल वर म्हटलं, ते यासाठी. जो हॅरियट हा जमैकाचा सॅक्सोफोनवादक आणि जॉन मेयर हा मूळ कोलकात्याचा संगीतकार. या दोघांनी लंडनमध्ये पाच जॅझ वादक आणि पाच भारतीय पद्धतीचे वादक एकत्र बसवले, आणि १९६६ मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ ही रेकॉर्ड निघाली. ‘फ्यूजन’ हा शब्द रॉकवाल्यांनी उचलण्याआधीची ही गोष्ट. तिच्या मागच्या बाजूला तबल्यापुढे नाव आहे केशव साठे यांचं. मुंबईचे साठे १९५० च्या दशकात लंडनला आले आणि इथलेच झाले. १९६७ मध्ये जर्मनीत निघालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’वर स्विस पियानोवादक आयरीन श्वाइत्सरच्या त्रिकुटासमोर दिवाण मोतिहार यांची सतार आणि साठ्यांचा तबला आहे. पुढे इंग्लिश गिटारवादक जॉन रेनबर्नच्या गटात त्यांनी इंग्लिश लोकगीतांनाही साथ केली. त्यांचा ठेका कुठेही दिखाऊपणात जात नाही. समोरच्याला जागा देऊन आपली लय धरून ठेवतो. एवढं काम केलेल्या या माणसाचं नाव मी पुण्या-मुंबईतल्या संगीतप्रेमींना सांगते, तेव्हा बहुतेकांनी ते ऐकलेलंच नसतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तालवादक त्रिलोक गुर्टू त्या मानाने जास्त माहीत आहेत. तरी त्यांचं ‘उस्फ्रेत’ (१९८८) किती जणांनी ऐकलंय? त्यात त्यांच्या आई शोभा गुर्टू गातात. ठुमरीतली ती भरदार, दुखरी जवारी आणि भोवती राल्फ टाउनरची गिटार, डॉन चेरीचा ट्रंपेट. ठुमरी आणि जॅझ या दोन्ही बाजूंपैकी कुणीही दुसऱ्यासाठी आपलं गाणं सौम्य केलेलं नाही. मला विचाराल तर आई-मुलाने मिळून केलेलं इतकं धाडसी संगीत आपल्याकडे दुसरं नाही.

तुमच्या घरी काका, मावशी, आजोबा कुणी साठ-सत्तरच्या दशकात लंडनला किंवा जर्मनीला राहून आले असतील आणि त्यांच्या रेकॉर्ड माळ्यावर पडल्या असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येकीची मागची बाजू वाचा. केशव साठे यांचं नाव सापडलं, तर ती देऊ नका.