आसा राजाचे पाय आणि टाचेची शीर

अभ्यासपाठ : २ इतिहास १६:७-१४



यहूदाचा राजा आसा याला कारकिर्दीच्या ३९व्या वर्षी पायांचा भारी रोग जडला आणि ४१व्या वर्षी तो मरण पावला. रोगाचे नाव शास्त्रात दिलेले नाही. काही भाष्यकारांना तो गाऊट असावा असे वाटते.

गेल्या पावसाळ्यात देवरी तालुक्यातील एका गावी मी हा पाठ घेतला. सभा संपल्यावर एक भाऊ लंगडत जवळ आले आणि म्हणाले, "ताई, राजाचं दुखणं बोटात होतं का टाचेत?"

त्यांचे टाचेत होते. टाचेमागची जाड शीर, जिला डॉक्टर कंडरा म्हणतात, ती सुजून लाल होई, आठ दिवसांत उतरे आणि पुन्हा येई. दोन वर्षे ते रोवणीला बांधीत उतरू शकले नव्हते. तेंदूपत्त्याचा हंगामही हातचा गेला होता. लचक समजून चोळणे, शेकणे आणि दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या. मी पुरते ऐकून न घेताच म्हणाले, "भाऊ, आधी मोहाची सोडा." ते खाली बघून म्हणाले, "सोडून तीन वर्षं झाली, ताई." मला फार लाज वाटली.

मग मी नीट विचारले. पूर्वी एकदा त्यांच्या पायाचा अंगठा एका रात्रीत सुजला होता. चादर लागली तरी सहन होत नव्हती. ही मोठी खूण होती. ग्रामीण रुग्णालयातून त्यांना गोंदियाला पाठवले. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले निघाले आणि सोनोग्राफीत कंडरेत त्याचे स्फटिक दिसले.

हे कसे घडते? शरीरातील आणि अन्नातील प्युरीन नावाच्या द्रव्यापासून युरिक अ‍ॅसिड तयार होते. ते बहुतांशी लघवीवाटे बाहेर जाते. रक्तात त्याचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर बराच काळ राहिले, तर सुईसारखे बारीक स्फटिक जमू शकतात. हे बहुधा सांध्यात जमतात. पण कंडरांतही जमतात, विशेषतः टाचेच्या आणि गुडघ्याच्या. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडल्या की सूज, लाली आणि आग होते. म्हणून गाऊट कधी कधी लचकेचे सोंग घेऊन येतो.

मात्र टाचेचे प्रत्येक दुखणे गाऊट नसते. अति श्रम, चढउतार, मधुमेह, काही प्रतिजैविके यांनीही कंडरा दुखते. आपल्या भागात सिकलसेल आहे. त्यातही हाडे व सांधे दुखतात. घरात कोणाला तो असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

दारूने गाऊट वाढतो हे खरे. काळीज, गुर्दा असे मांस, काही मासे आणि गोड शीतपेये यांनीही वाढतो. पण मूळ कारण पुष्कळदा मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर पडणे हे असते, आणि ते घराण्यातूनही येते. रोग्याला पाहताच दारुडा ठरवणे हा अन्याय आहे.

काय करावे?

१. टाच वारंवार सुजत असेल तर युरिक अ‍ॅसिड तपासून घ्यावे. ऐन दुखण्यात ते कधी कधी बरोबर दिसते. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

२. दुखण्याच्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंड आणि पोट बिघडते. टाचेच्या शिरेत स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये. शीर तुटण्याचा धोका असतो.

३. युरिक अ‍ॅसिड कमी करणारे औषध थोड्या मात्रेने सुरू करून वाढवतात. पातळी ६ च्या खाली ठेवायची असते. सुरुवातीला दुखणे पुन्हा उठू शकते. तेवढ्यावरून औषध सोडू नये. अंगावर पुरळ आल्यास मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

४. सुजेबरोबर ताप असेल तर थांबू नये. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

आता पुन्हा आसाकडे वळू. त्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधले, असे शास्त्र म्हणते. यावरून कोणी औषध म्हणजे अविश्वास असे शिकवतात. पण त्याच अध्यायात आधी आसाने अरामच्या राजावर भिस्त ठेवली, आणि बोध करणाऱ्या हनानी द्रष्ट्याला तुरुंगात टाकले. दोष वैद्य बोलावण्यात नव्हता, देवाला बाजूला सारण्यात होता. पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्यच होता. प्रार्थना करावी आणि गोळीही वेळेवर घ्यावी.

ते भाऊ अजून औषध घेत आहेत. यंदा ते रोवणीला उतरले. अर्धा दिवसच, पण उतरले.

मनन व चर्चेसाठी : आपल्या मंडळीत कोणाच्या दुखण्याला आपण न विचारताच पापाचे नाव दिले आहे? आज त्यांच्या घरी जाऊन आपण पहिला प्रश्न कोणता विचारू?